निळ्या मिनिटाचं बिऱ्हाड

सायकलचं पंक्चर काढायला सिनेमात किती वेळ द्यावा? बहुतेक दिग्दर्शक अर्धं मिनिटही देणार नाहीत. चाक बसलं, मुलगी वैतागली, पुढच्या दृश्यात सायकल धावायला लागली, की काम झालं. एरिक रोमेर मात्र आपल्याला त्या ट्यूबपाशी बसवून ठेवतो. ट्यूब टायरमधून बाहेर ओढायची, हवा भरायची, पाण्यात थोडी थोडी फिरवत बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं, कोरडी करायची, घासायची, सोल्युशन लावायचं, मग पॅच. खेड्यातली मुलगी हे सगळं शहरातल्या मुलीला करून दाखवते आणि करताना अखंड बोलते. शहरातली नुसती बघते. दोघींची ओळख होऊन जेमतेम काही मिनिटं झालेली असतात, पण एकीला सगळं समजावून सांगायची हौस आहे आणि दुसरीला ऐकून घेता येतं, एवढं आपल्याला त्या पाण्याच्या भांड्याशेजारी कळून चुकतं.

खेड्यातली ती रेनेत आणि शहरातली मिराबेल. सिनेमाचं नाव 'रेनेत आणि मिराबेल यांची चार साहसं', प्रदर्शित झाला 1987 साली. 'साहसं' हा शब्द रोमेरने मिस्कीलपणे वापरला असणार. पहिल्या साहसात दोघी पहाटे उठतात. दुसऱ्यात कॉफीचे पैसे द्यायचे राहतात. तिसऱ्यात एक पिशवी या हातातून त्या हातात जाते. चौथ्यात एक चित्र विकलं जातं. कोणी कोणाच्या प्रेमात पडत नाही, कोणी मरत नाही, लग्न तर नाहीच. दोन मुली पॅरिसमध्ये एक जागा वाटून घेऊन राहतात आणि जेवणाच्या टेबलावर वाद घालतात.

नावांचीही एक गंमत आहे. 'रेनेत' ही फ्रान्समधल्या सफरचंदांची जात, 'मिराबेल' म्हणजे छोटं पिवळं आलुबुखार. एका परडीतली दोन फळं, पण झाडं वेगळी. रेनेतचा शब्दशः अर्थ 'छोटी राणी', आणि फ्रेंच लोक लाडाने सायकलला 'छोटी राणी'च म्हणतात. पंक्चर झालेल्या सायकलजवळ छोटी राणी उगवते हे रोमेरने मुद्दाम केलं की नाही, मी सांगू शकत नाही. पण हा माणूस आधी साहित्याचा शिक्षक होता, मग 'काये द्यु सिनेमा' या मासिकाचा संपादक, आणि एका शब्दावर दिवसभर बसून राहील असा त्याचा पिंड. योगायोग मानणं मला जड जातं.

रोमेरचे सिनेमे एरवी माळेत ओवलेले असतात. 'सहा नैतिक कथा', 'विनोदिका आणि म्हणी', पुढे 'चार ऋतूंच्या कथा'. हा सिनेमा कोणत्याच माळेत नाही. पासष्टी ओलांडलेल्या या दिग्दर्शकाने तो 16 मिलिमीटरच्या फिल्मवर, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या माणसांना घेऊन केला. कॅमेऱ्यामागे सोफी मँतिन्यो ही तरुण स्त्री होती. तिनेच त्याआधी रोमेरचा 'हिरवा किरण' चित्रित केला होता आणि त्या सिनेमाला 1986 साली व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला होता. रेनेतचं काम करणारी जोएल मिकेल तेव्हा अगदी नवखी होती. तिने आपल्या आयुष्यात घडलेल्या गोष्टी रोमेरला सांगितल्या आणि त्यांतून सिनेमाची बीजं निघाली. पडद्यावर दिसणारी रेनेतची चित्रंही मिकेलचीच आहेत. मिराबेल झालेली जेसिका फोर्ड पुढे सिनेमांच्या सेटवरची छायाचित्रकार झाली. मिराबेल पडद्यावर ज्या शांतपणे दुसऱ्याकडे बघत राहते, ते आठवलं की ही पुढची वाट नवलाची वाटत नाही.

'हिरवा किरण' आणि हा सिनेमा मी जोडीनेच पाहावेत असं म्हणेन. तिथे सूर्य समुद्रात बुडताना शेवटच्या क्षणी दिसू शकणाऱ्या हिरव्या झळाळीची वाट पाहिली जाते. इथे सूर्य उगवण्याआधीच्या एका मिनिटाची. एक संध्याकाळचा, एक पहाटेचा, आणि दोन्हीकडे निसर्ग तुमच्या सोयीने वागेलच याची खात्री नाही.

रेनेत एका जुन्या शेतघराच्या माळ्यावर राहते. छप्पर गळकं आहे. तिथेच तिची चित्रं टांगलेली, स्वप्नात दिसाव्यात तशा स्त्रीदेहांची, कोणाकडे न शिकता काढलेली. मिराबेल मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी. ती ही चित्रं आणि ही मुलगी दोन्ही कुतूहलाने पाहते, थोडं अंतर राखून. आणि मग रेनेत तिला 'निळ्या तासा'बद्दल सांगते. नाव तास असलं तरी ते असतं जेमतेम एक मिनिट. रात्रीचे पक्षी गायचे थांबलेले असतात, दिवसाचे अजून सुरू झालेले नसतात, आणि तेवढ्या फटीत निसर्ग श्वास रोखून धरतो. तेव्हा ऐकू येते ती शांतता.

आपल्याकडे या वेळेसाठी शब्दांची रेलचेल आहे. पहाट, झुंजूमुंजू, फटफटणं, उजाडणं, तांबडं फुटणं. पण हे सगळे शब्द डोळ्यांचे आहेत, उजेडाच्या पायऱ्या सांगणारे. कानाला पहाट कळते ती कोंबड्याच्या आरवण्याने नाहीतर जात्याच्या घरघरीने, म्हणजे आवाज सुरू झाल्यावर. रेनेतच्या मिनिटाला आपल्याकडे नाव नाही. फ्रेंचांकडेही तसं नव्हतंच. 'निळा तास' तिथे संधिप्रकाशासाठी म्हणतात, त्या नावाचं एक जुनं अत्तरही आहे. रेनेतने हा रंगाचा शब्द उचलून कानाच्या हवाली केला. चित्रकार मुलगी आपली सगळ्यांत मोलाची गोष्ट डोळे मिटूनही कळेल अशी निवडते, यात मला तिच्या चित्रांपेक्षा जास्त चित्रकला दिसते.

मिराबेल रात्रीपुरती थांबते. पहाटे दोघी बाहेर येऊन उभ्या राहतात, अंधुक उजेडात, कुडकुडत. आणि नेमक्या त्या मिनिटाला रस्त्यावरून एक गाडी जाते.

रेनेत रडते. नुसते डोळे भरून येत नाहीत, हुंदके देऊन रडते, एखादं माणूस गेल्यासारखी. पहिल्यांदा पाहताना मला ती इथे चक्क असह्य झाली होती. एवढं काय त्यात? उद्या पुन्हा उजाडेलच की. पण दृश्य मिराबेलसाठी रचलेलं आहे. तिच्या चेहऱ्यावर आधी संकोच दिसतो, मग किंचित हसू आणि मग निर्णय. अजून एक दिवस थांबते, म्हणते. स्वतःला त्या मिनिटाची ओढ लागली म्हणून ती थांबत नाही. समोरच्या मुलीला त्याचं इतकं वाटतं म्हणून थांबते. दोघींचं बिऱ्हाड खरं तर इथेच मांडलं गेलं. पॅरिसमधली जागा नंतर आली.

मधला तो दिवस बऱ्याच जणांना रेंगाळलेला वाटतो. दोघी शेजारच्या शेतकरी कुटुंबाकडे जातात. हे कुटुंब पडद्यावर आपलं खरं आडनाव घेऊनच येतं. ते लोक नट नाहीत. जनावरं कशी पाळतो, भाजी कशी लावतो, हे ते आपल्या गतीने सांगतात, मध्येच अडखळतात, कॅमेऱ्याकडे पाहायचं नाही हे विसरतात की काय असं वाटावं इतके सहज वागतात. कथेच्या हिशेबाने या संवादांना कात्री लावली तरी काही बिघडणार नाही. रोमेर लावत नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण कान आहे. त्या दिवसभरात आपण कोंबड्या ऐकतो, शेळ्या ऐकतो, वारा ऐकतो, पावलांखालची माती ऐकतो, माणसांचं संथ बोलणं ऐकतो. पार्श्वसंगीत मदतीला येत नाही. रोमेर आवाज जागच्या जागी, चित्रणाबरोबरच ध्वनिमुद्रित करणारा दिग्दर्शक, त्यामुळे या आवाजांना आसपासच्या मोकळ्या हवेची चव आहे. संध्याकाळपर्यंत आपला कान शेतावरचा होऊन जातो. संध्याकाळी रेनेत आपल्या माळ्यावर नाचते, बेभान आणि जराशी हास्यास्पद, आणि मिराबेल पुन्हा बघत राहते.

मग दुसरी पहाट. सिनेमात शांतता दाखवणं हे फार चकवणारं काम आहे. ध्वनिपट्टी नुसती कोरी सोडली तर प्रेक्षकाला वाटतं यंत्र बिघडलं, आणि थिएटरात माना मागे वळतात. शांतता ऐकू यायची तर तिच्या अलीकडे आणि पलीकडे आवाज हवा, आणि तोही आपण लक्ष देऊन ऐकलेला. आदल्या दिवसाची सगळी बडबड, जनावरं, भाज्या, ती नको असलेली गाडी, हे सगळं या मिनिटासाठी साठवलेलं भांडवल होतं. आता ते एकदम थांबतं. दोघी एकमेकींना बिलगतात. त्या क्षणी काय घडतं याचं वर्णन करायला लागलं की ते नाहीसं होतं. एवढंच सांगतो की पडदा निळसर आहे, दोन मुली स्तब्ध आहेत, आणि आपणही खुर्चीत श्वास धरून बसलोय हे आपल्याला पहिला पक्षी ओरडल्यावर कळतं.

इथून सिनेमा पॅरिसला जातो. रेनेत कलाशिक्षणासाठी शहरात येणार, मिराबेलकडे जागा आहे, तेव्हा एकत्र राहू, असं ठरलेलं असतं. पॅरिसचं स्वागत भन्नाट आहे. रेनेत मोंपार्नास भागात एका गल्लीचा पत्ता विचारते, तर सांगणारे दोघे आपसातच भांडायला लागतात, इकडून की तिकडून. विचारणारी बाजूलाच राहते. पुण्यात पत्ता विचारलेल्या कोणालाही हे दृश्य ओळखीचं वाटेल. शेवटी ती कॅफेत पोचते, बाहेरच्या टेबलावर मिराबेलची वाट पाहत कॉफी मागवते, आणि वेटर येतो.

फिलिप लोदनबाकने रंगवलेला हा वेटर म्हणजे विनोदी अभिनयाचा नमुनाच. कॉफी चार-पाच फ्रँकची, रेनेतकडे 200 फ्रँकची नोट. सुट्टे नाहीत. मग पैसे द्या. पण पैसे तर देतेय. सुट्टे द्या. मैत्रीण येईल, तिच्याकडे असतील. मैत्रीण येणार, हे मी कशावरून मानू? इथपर्यंत वाद सुट्ट्यांचा असतो. पुढे तो रेनेतच्या जातकुळीवर घसरतो. असल्या मुली मी खूप पाहिल्यात, कॉफी प्यायची आणि पसार व्हायचं, आम्ही बघत नाही असं वाटतं काय? एसटीच्या कंडक्टरपासून रिक्षावाल्यापर्यंत 'सुट्टे नाहीत'चे सगळे राग आपल्याला तोंडपाठ आहेत. तरी या वेटरची बात वेगळी. त्याला पैसे नकोच आहेत मुळी. त्याला आपण बरोबर असल्याचं सिद्ध करायचंय. लोदनबाक आवाज फारसा चढवत नाही. तो तर्क लढवतो, चुकीच्या पायावर पण मजबूत बांधलेला, आणि रेनेतही त्याला तर्कानेच उत्तर देते. दोन तत्त्वनिष्ठ माणसं एका कपासाठी अडून बसतात.

मिराबेल येते. तिच्याकडे 500 फ्रँकची नोट! ती फार विचार करत नाही. वेटरची पाठ वळल्यावर रेनेतला उठवते आणि दोघी पळतात. म्हणजे वेटरने जो आरोप केला होता तो अखेर त्याच्याच हट्टापायी खरा होतो. रेनेतला हे रात्रभर डाचतं. दुसऱ्या दिवशी ती सुट्टे घेऊन परत येते, तर तो वेटर तिथे नाही. आदल्या दिवसापुरता बदली म्हणून आला होता. ती पैसे ठेवते आणि निघते. ज्याला दाखवून द्यायचं तोच नाही. रोमेर इथे रेनेतचा चेहरा जवळून दाखवत बसत नाही, आणि तेच बरं.

तिसऱ्या भागात वादाला रंग चढतो. रेनेत रस्त्यावरच्या भिकाऱ्याला पैसे देते. मिराबेलचं म्हणणं, सगळ्यांना कसं पुरं पडणार? रेनेतचं म्हणणं, समोर आला त्याला द्यायचं. मग मिराबेल एका सुपरमार्केटमध्ये पाहते की एक बाई माल उचलून आपल्या पिशवीत सरकवते आहे, आणि साध्या वेषातले दोन पहारेकरी तिच्यावर टपून आहेत. त्यांपैकी एक बेआत्रिस रोमाँ, रोमेरच्या सिनेमांत किशोरवयापासून दिसलेली. मिराबेल त्या बाईला वाचवण्यासाठी ती पिशवीच पळवते. बाई पकडली जात नाही. पण पिशवी परत करेपर्यंत तीच गाडीत बसून निघून जाते, आणि मिराबेल चोरीचा माल घेऊन घरी येते. घरी रेनेतचा पारा चढतो. तू चोराला वाचवलंस. मी एका माणसाला वाचवलं. ती पुन्हा चोरी करेल. आजच्या आज तुरुंगात गेली असती तर सुधारली असती?

या टेबलावरच्या संवादात कोणी जिंकत नाही, आणि रोमेरचा कल कुणाकडे आहे तेही मला इतक्या वेळा पाहून कळलेलं नाही. रेनेत नियमाने वागते आणि तिचा नियम कधी कधी क्रूर होतो. मिराबेल प्रसंगाने वागते आणि तिचा प्रसंग कधी कधी सोयीचा होतो. पुढे स्टेशनवर रेनेतला एक बाई भेटते, पाकीट हरवलं, तिकिटापुरते पैसे द्या, म्हणणारी. 'हिरवा किरण'ची नायिका मारी रिव्हिएर हिचं हे काम. रेनेत देते, आणि मग तीच बाई दुसऱ्याकडे तीच गोष्ट सांगताना तिला दिसते. रेनेत तिला जाब विचारते, उपदेश करते, आणि ती बाई रडायला लागते. खरं रडू की धंद्यातलं, कोण जाणे. रेनेतचा उपदेश मात्र तिथल्या तिथे विरतो. तिन्ही गोष्टी एका भागात कोंबल्याने हा भाग मला चारही भागांत सगळ्यांत विसविशीत वाटतो, पण पिशवीवरचं भांडण त्याची भरपाई करतं.

चौथ्या भागात घरभाड्याचा प्रश्न आहे. रेनेतकडे आपला वाटा द्यायला पैसे नाहीत, चित्र विकलं गेलं तरच. चित्रकलेवर ती भरभरून बोलते. चित्राने स्वतः बोलावं, त्याच्यावर शब्दांचा भार घालू नये, असं ती कितीतरी वेळ, पुष्कळ शब्दांत सांगते. मिराबेल वैतागून तिला आरसा दाखवते, आणि रेनेत चिडून पैज लावते की एक अख्खा दिवस मी अवाक्षर बोलणार नाही. नेमकं त्याच दिवशी एका चित्रविक्रेत्याकडे जायचं ठरतं. व्रत मोडणार नाही म्हणजे नाही. आपल्याकडे मौनव्रत म्हटलं की एक पावित्र्य येतं. इथे ते धंद्याच्या दारात घेऊन जायचं आहे.

विक्रेता आहे फाब्रिस ल्युकिनी. ज्यांनी ल्युकिनीला बोलताना ऐकलंय त्यांना पुढे काय होणार याची कल्पना येईल. रेनेत गप्प उभी. तो चित्राकडे पाहतो आणि सुरू होतो. चित्रात काय आहे, काय असू शकलं असतं, कोणत्या परंपरेत बसतं, का बसत नाही, बाजाराचं काय. समोरची मुलगी उत्तर देत नाही म्हणून त्याला आणखी बोलावं लागतं, कारण पोकळी त्याला सोसत नाही. पहिल्या भागात शांतता निसर्गाची होती आणि ती राखण्यासाठी दोघी जीव टाकत होत्या. इथे तीच शांतता समोरच्या माणसाला उघडं पाडते. पैशाचा मुद्दा येतो तेव्हा त्याचं म्हणणं साधं आहे: चित्र ठेवून जा, विकलं की पैसे. पण भाडं तर आज हवं.

तेवढ्यात मिराबेल आत येते, अनोळखी गिऱ्हाईक म्हणून. आतापर्यंत ऐकणारी असलेली ही मुलगी आता बोलायला लागते, आणि काय बोलते! एका मुक्या मुलीचा असा गैरफायदा घेता, लाज नाही वाटत? विक्रेता गडबडतो आणि 2000 फ्रँक रोख मोजून देतो. दोघींच्या भूमिका उलटल्यात, हे तर दिसतंच. पण मला जास्त मजा वाटते ती हिशेबाची. एका कॉफीसाठी परत येणारी, चोराला वाचवलं म्हणून मैत्रिणीला फैलावर घेणारी, स्टेशनवरच्या बाईला उपदेश करणारी रेनेत आज तिच्याच पंगतीत बसली आहे. खोटी कहाणी, दयेचा दाब, हातात पैसे. तिने एकही खोटं वाक्य उच्चारलेलं नाही. व्रताचं तंतोतंत पालन केलं, आणि त्या पालनातूनच फसवणूक घडली. रोमेर याबद्दल तिला एका शब्दानेही टोकत नाही.

मुली निघून जातात. दुकानात दोन बायका येतात, भिंतीशी टेकवलेल्या त्या चित्राकडे बघतात, त्यांना ते आवडतं. किंमत विचारतात. इतका वेळ अखंड बोलणारा तो माणूस या वेळी अगदी थोडक्यात उत्तर देतो: 4000 फ्रँक.